वस्तूच्या मागचं पाणी: वॉटर टनेल कसा रचतात आणि तो कुठे फसतो

पोलादाच्या उंच चिमणीच्या वरच्या भागावर स्क्रूच्या आट्यांसारख्या पट्ट्या गुंडाळलेल्या दिसतात. त्या शोभेसाठी नसतात. वारा चिमणीवर समोरून येतो, पण चिमणी डोलते ती आडवी, डावी-उजवी. तिला आडवं ढकलणारं जे काही आहे ते तिच्या पाठीमागे घडत असतं, आणि या पट्ट्या ते मोडून काढण्यासाठी असतात. १ नोव्हेंबर १९६५ रोजी इंग्लंडमधल्या फेरीब्रिज वीजकेंद्राचे आठपैकी तीन कूलिंग टॉवर वादळी वाऱ्यात कोसळले. पडले ते वाऱ्याच्या तोंडावरच्या रांगेतले नव्हते, मागच्या रांगेतले होते. पुढच्या टॉवरांनी ढवळून सोडलेली हवा त्यांच्यावर येत होती.

वाहत्या हवेत किंवा पाण्यात वस्तू उभी असली की तिच्या मागे ढवळलेल्या प्रवाहाचा लांब पट्टा तयार होतो. त्याला वेक म्हणतात. हवेतला वेक डोळ्यांना दिसत नाही आणि दाखवला तरी फार वेगाने निघून जातो. म्हणून तो पाण्यात, हळू चालीत पाहतात. ज्या यंत्रात पाहतात ते म्हणजे वॉटर टनेल: एका पारदर्शक खणातून संथ, एकसारखं पाणी वाहतं, मध्ये वस्तू उभी असते आणि तिच्या मागचा प्रवाह रंगाने किंवा बारीक कणांनी उजळवलेला असतो. लुडविग प्रांटल यांनी १९०४ मध्ये आपला सीमास्तराचा, म्हणजे वस्तूला लगटून वाहणाऱ्या पातळ थराचा, सिद्धांत मांडला तेव्हा त्यांच्याकडे असंच एक साधन होतं. त्यातलं पाण्याचं चाक हाताने फिरवावं लागे.

पाणी, काच आणि पंप एवढंच लागतं म्हणून काम सोपं वाटतं. ते सोपं नाही, आणि त्याचं कारण एकच आहे. टनेलमधली प्रत्येक जाळी, रंग सोडण्याची सुई, नळी ही स्वतःही प्रवाहातली एक वस्तूच असते आणि तिलाही स्वतःचा वेक असतो. आपल्याला हवा आहे तेवढा एकच वेक उरेल अशी व्यवस्था करणं, हीच टनेलची रचना.

मागे नेमकं काय घडतं?

गोल दांडा घेऊ. पाणी त्याच्या पुढच्या अर्ध्या भागावरून जाताना वेग घेतं, मागच्या अर्ध्या भागावर त्याला पुन्हा मंदावायचं असतं. सायकलवरून उतार उतरून लगेच समोरचा चढ चढण्यासारखं हे आहे. मधल्या प्रवाहाला उतारावर मिळालेला जोर चढाला पुरतो. पण दांड्याला अगदी लगटून चाललेला पातळ थर घर्षणामुळे सारखा ब्रेक घासत आलेला असतो. त्याला चढ पुरा होत नाही, तो मध्येच थांबतो आणि पृष्ठभाग सोडतो. हा सुटलेला थर गुंडाळला जातो आणि भोवरा बनतो.

दोन्ही बाजूंना असे भोवरे वाढत असतात. एक जरा पुढे गेला की तो पलीकडच्या बाजूचं पाणी आपल्याकडे ओढतो, आणि ओढलेलं ते उलट्या फिरकीचं पाणी त्याचा स्वतःचाच पुरवठा तोडतं. तो सुटतो, वाहून जातो आणि पाळी दुसऱ्याची येते. डावा, उजवा, डावा, उजवा अशी भोवऱ्यांची दोन रांगांची माळ मागे पसरते. हिला कारमान यांचं नाव मिळालं आहे, कारण ही माळ कोणत्या मांडणीत टिकू शकते याचं गणित थिओडोर फॉन कारमान यांनी १९११-१२ मध्ये मांडलं. प्रत्येक भोवरा सुटताना दांड्याला आडवा धक्का देतो. धक्क्यांची लय चिमणीच्या नैसर्गिक डोलण्याच्या लयीशी जुळली की झोका वाढत जातो. आट्यांच्या पट्ट्यांमुळे वेगवेगळ्या उंचीवरचे भोवरे एकाच वेळी सुटत नाहीत, त्यामुळे धक्क्यांची बेरीज होत नाही.

एक अंक समजला की निम्मं काम झालं

वेक कसा दिसेल हे तीन गोष्टी ठरवतात: प्रवाहाचा वेग, वस्तूची जाडी आणि द्रवाचा चिकटपणा. वेग गुणिले जाडी, भागिले चिकटपणा, हा रेनॉल्ड्स अंक. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंगाची धार सोडून जे प्रयोग केले, त्यांतून तो आला. इथे चिकटपणा म्हणजे घनतेने भागलेला चिकटपणा. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यासाठी तो दर सेकंदाला जवळपास १ चौरस मिलिमीटर असतो. त्यामुळे हिशोब तोंडी होतो: वेग मिलिमीटर प्रतिसेकंदात घ्या, जाडी मिलिमीटरमध्ये घ्या, गुणाकार करा. १० मिलिमीटरचा दांडा आणि १० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेग असेल तर अंक १०००.

गोल दांड्यासाठी अंक साधारण ५ च्या खाली असेल तर पाणी दांड्याला वळसा घालून निमूट निघून जातं. ५ ते ४७ च्या दरम्यान मागे दोन भोवरे जोडीने बसून राहतात, सुटत नाहीत. ४७ च्या आसपास माळ सुरू होते. १९० च्या पुढे माळेत उभ्या-आडव्या सुरकुत्या पडतात आणि काही शेकड्यांनंतर मागचं पाणी खळबळीचं होतं, पण भोवऱ्यांची लय मात्र टिकते. यातला ४७ हा आकडा लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा पुन्हा लागणार आहे, आणि तोही दांड्यासाठी नाही.

दुसरा अंक स्ट्रूहल यांचा. भोवऱ्यांची वारंवारता गुणिले जाडी, भागिले वेग. गोल दांड्यासाठी, अंक काही शेकड्यांपासून लाखभरापर्यंत असताना, तो ०.२ च्या जवळपासच राहतो. आपल्या दांड्यामागे म्हणून दर सेकंदाला दोन जोड्या सुटतील. दोन मीटर जाडीच्या चिमणीवर १० मीटर प्रतिसेकंद वारा असेल तर ढोबळमानाने दर सेकंदाला एक.

हवेचा अभ्यास पाण्यात कसा चालतो?

ही शंका सगळ्यांत आधी येते. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही, मग दोन्ही सारखे कसे? ध्वनीच्या वेगाच्या तीन दशांशांपेक्षा कमी वेगाने वाहणारी हवा वाटेतल्या वस्तूमुळे नगण्यच दाबली जाते. तिथपर्यंत हवा आणि पाणी एकाच समीकरणाने वाहतात, आणि रेनॉल्ड्स अंक सारखा असला की चित्रही सारखं दिसतं.

फायदा चालीत आहे. वर सांगितलेल्या हिशोबाने हवेचा चिकटपणा पाण्याच्या सुमारे १५ पट भरतो, कारण हवा फारच हलकी आहे. त्यामुळे त्याच १० मिलिमीटरच्या दांड्यासाठी १००० हा अंक हवेत मिळवायला दीड मीटर प्रतिसेकंद वारा लागतो आणि भोवरे सेकंदाला ३० वेळा सुटतात. डोळ्याला नुसता धूसर पट्टा दिसतो. पाण्यात तेच दोनदा घडतं. साध्या ६० चित्रांच्या कॅमेऱ्याने एका फेरीची ३० चित्रं मिळतात आणि भोवरा कुठे पोसला, कुठे तुटला हे बोटाने दाखवता येतं.

टेस्ट सेक्शनपासून सुरुवात करून उलटं जायचं

पंप आधी घेऊन मग त्याला शोभेल असा टनेल बांधणं ही हमखास होणारी चूक. सुरुवात नेहमी टेस्ट सेक्शनपासून, म्हणजे वस्तू ठेवण्याच्या पारदर्शक खणापासून करावी.

दांडा १० मिलिमीटरचा ठरला. तो प्रवाहाची वाट पाच टक्क्यांहून जास्त अडवू नये, नाहीतर बाजूने जाणारं पाणी भिंतीला चेपून वेग घेतं आणि मोजमाप बिघडतं. म्हणून रुंदी २० सेंटिमीटर. खोली २० सेंटिमीटर घेतली तर दांड्याची लांबी जाडीच्या वीसपट होते. ही लांबी निदान दहापट तरी हवी, नाहीतर टोकांचा परिणाम मध्यापर्यंत पोचतो. लांबी ८० सेंटिमीटर: सुरुवातीचे ३० मोकळे, मग दांडा, आणि मागे वेक पाहायला ५०, म्हणजे दांड्याच्या जाडीच्या ५० पट.

वरचा पृष्ठभाग उघडा ठेवला तर दांडा बदलणं, सुई सरकवणं सोपं जातं. लाटांची भीती वाटते, पण इथे निसर्ग बाजूने आहे. साध्या पाण्यावर २३ सेंटिमीटर प्रतिसेकंदापेक्षा सावकाश चालणारी लाट असूच शकत नाही. प्रवाह त्याहून संथ असेल तर पृष्ठभाग फोडून वर आलेला दांडा आपल्याभोवती स्थिर लाटा उठवत नाही. म्हणून कमाल वेग २० सेंटिमीटरवर थांबवायचा. क्षेत्रफळ ०.०४ चौरस मीटर, म्हणजे कमाल प्रवाह सेकंदाला ८ लिटर आणि नेहमीच्या कामाला ४ लिटर.

हमखास चुकते ती पुढची गोष्ट. संथ पाण्यात भिंतीलगतचा मंद थर चांगलाच जाड होतो. १० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाला ८० सेंटिमीटर अंतरावर तो जवळपास १४ मिलिमीटर जाड असतो, आणि वाट अडवण्याच्या हिशोबाने प्रत्येक भिंत जणू ५ मिलिमीटर आत सरकलेली असते. दोन बाजू आणि तळ धरले तर वाट सात टक्क्यांनी अरुंद होते आणि मधलं पाणी तेवढंच वेग घेतं. खण सरळ, पण प्रवाह मात्र पुढे पुढे धावणारा! उपाय असा की बाजूच्या भिंती शेवटाकडे प्रत्येकी ५ मिलिमीटर बाहेर फाकवायच्या, आणि तळ तेवढाच खाली उतरवायचा. हे एकाच वेगाला अचूक बसतं, म्हणून ज्या वेगाला सर्वाधिक काम आहे त्यासाठी फाकवावं.

भिंतींना १० ते १२ मिलिमीटरचं ॲक्रिलिक पुरतं. २० सेंटिमीटर पाणी ८० सेंटिमीटर लांब भिंतीवर सुमारे १६ किलो वजनाएवढा जोर देतं. भिंत फुटणार नाही, पण पातळ घेतली तर फुगते आणि कॅमेऱ्यातलं चित्र वाकडं येतं. तळही पारदर्शक ठेवा आणि खाली ४५ अंशांत आरसा बसवा. उभ्या दांड्यामागचे भोवरे वरून पाहिले तर पृष्ठभागाची बारीकशी थरथरही चित्र हलवते. खालून पाहिलं तर ती अडचणच राहत नाही.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

टेस्ट सेक्शनमधली शांतता तिथे तयार होत नाही. ती आधीच्या मोठ्या टाकीत तयार करून आणावी लागते. कष्ट घालायचे ते इथे.

पंपाकडून १०० मिलिमीटर व्यासाच्या नळीतून ४ लिटरचा प्रवाह अर्धा मीटर प्रतिसेकंद वेगाने येतो. ४० बाय ४० सेंटिमीटरच्या टाकीत तोच प्रवाह अडीच सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने सरकला पाहिजे. म्हणजे आत येणारी धार टाकीच्या सरासरीपेक्षा २० पट वेगवान असते. नळीचं तोंड सरळ पुढे ठेवलं तर मध्ये झोत आणि कडांना उलटं फिरणारं पाणी अशी अवस्था होते, आणि पुढच्या कितीही जाळ्या ती पूर्ण सुधारू शकत नाहीत. म्हणून नळी आडवी टाकून तिला मागच्या भिंतीकडे तोंड केलेली भोकं पाडावीत. भोकांचं एकूण क्षेत्रफळ नळीच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त नको, नाहीतर बंद टोकाकडच्या भोकांतूनच जास्त पाणी सुटतं.

त्यापुढे पोळं. मधमाशीच्या पोळ्यासारखी सरळ नळ्यांची जाळी पाण्याची फिरकी आणि आडवी चाल मोडते. ६ मिलिमीटरचे स्ट्रॉ ५ सेंटिमीटर लांब कापून दाटीने भरले तरी उत्तम पोळं होतं. लांबी व्यासाच्या आठपट पडते, तेवढी हवीच. ४० बाय ४० च्या चौकटीला सुमारे ५,००० स्ट्रॉ लागतात. ते कापताना टोकं चेपली किंवा तिरकी झाली तर प्रत्येक तिरका स्ट्रॉ एक तिरकी धार सोडतो. दोन्ही बाजूंनी जाळी ताणून बसवली नाही तर पंप सुरू करताच स्ट्रॉ पुढे सरकतात.

मग जाळ्या, दोन किंवा तीन. जाळीचं काम वेगातला चढ-उतार सपाट करणं. जास्त वेगाच्या ठिकाणी ती जास्त अडवते, कमी वेगाच्या ठिकाणी कमी. पण जाळीची तार म्हणजे बारीक दांडाच की! तिच्या मागेही माळ सुटू शकते, आणि तोच ४७ चा हिशोब तिलाही लागू होतो. कामात थोडं अंतर राखून ४० च्या आतच राहतात. ०.३ मिलिमीटरची तार आणि २५ मिलिमीटर प्रतिसेकंद वेग: अंक साडेसात. कमाल वेगालाही १५. तारेमागचं पाणी निमूट राहील. हीच जाळी टेस्ट सेक्शनच्या तोंडाशी, २० सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगात बसवली तर अंक ६० होईल आणि शांत करायला आणलेली जाळीच खळबळ माजवेल. जाळ्या मोठ्या टाकीत का बसवतात त्याचं हे उत्तर.

जाळीचा मोकळा भाग ५८ टक्क्यांपेक्षा कमी असू नये. घट्ट विणीतून निघणाऱ्या बारीक धारा एकमेकींना चिकटून झोत तयार करतात आणि ते दूरपर्यंत टिकतात. ०.३ मिलिमीटर तार, दीड मिलिमीटर अंतरावर, असं घेतलं तर मोकळा भाग ६४ टक्के येतो. दोन जाळ्यांत १० सेंटिमीटर अंतर ठेवावं आणि शेवटच्या जाळीनंतर १५ सेंटिमीटर मोकळं पाणी. प्रत्येक जाळी वेगळ्या चौकटीत, वर उचलून काढता येईल अशी. शेवाळ आणि तंतू तिच्यात अडकणारच, आणि अर्धवट तुंबलेली जाळी नसलेल्या जाळीपेक्षा वाईट.

जाळीवरचे हवेचे बुडबुडे हे तर रोजचं दुखणं. ताज्या पाण्यात विरघळलेली हवा पाणी खोलीच्या तापमानाला येताना बाहेर पडते आणि तारांवर मण्यांसारखी चिकटते. २ मिलिमीटरचा एक बुडबुडा मागे दोरीसारखा वेक सोडतो आणि तो टेस्ट सेक्शनपर्यंत येतो. भरलेलं पाणी एक दिवस तसंच राहू द्यावं आणि प्रयोगाआधी मऊ ब्रशने जाळ्या हलकेच पुसाव्यात.

शेवटी निमुळता भाग. ४० बाय ४० वरून २० बाय २० वर, म्हणजे चौपट आकुंचन. दाटीने चालणारी रांग अरुंद दारातून जाताना सगळ्यांची चाल एक होते तसं काहीसं इथे घडतं, फक्त त्यामागे ऊर्जेचा साधा हिशोब आहे: पुढच्या दिशेच्या वेगातला फरक, सरासरी वेगाच्या तुलनेत, चाराच्या वर्गाने म्हणजे १६ पट कमी होतो. टाकीत दहा टक्के असमानता असेल तर टेस्ट सेक्शनमध्ये ती ०.६ टक्क्यावर येते. आडव्या चालीला मात्र असा मोठा फायदा मिळत नाही, म्हणून तिचा बंदोबस्त पोळ्यानेच आधी करून ठेवावा लागतो. भिंतीचा आकार दोन्ही टोकांना सरळ होणारा, इंग्रजी एस अक्षरासारखा हवा आणि लांबी ४० ते ५० सेंटिमीटर. आखूड केला तर सुरुवातीच्या वळणावर पाणी भिंत सोडतं. सरळ तिरक्या पट्ट्या ठोकून काम भागवलं तर दोन्ही कोपऱ्यांवर भोवरे बसतात, आणि ते थेट मोजमापाच्या पाण्यात येतात.

पंप: ताकद नको, भरपूर पाणी हवं

इथे पाणी उंच चढवायचं नाही, नुसतं फिरवायचं आहे. ८ लिटर प्रवाहाला नळी, वळणं, भोकं आणि जाळ्या मिळून होणारा तोटा अर्ध्या मीटर पाण्याच्या उंचीच्या आतच राहतो. पाण्याला मिळणारी शक्ती ४० वॅटपेक्षाही कमी. तरीही टाकीवर पाणी चढवणारा जोरदार पंप आणला जातो आणि मग व्हॉल्व्ह दाबून त्याचा प्रवाह कमी केला जातो. दाबलेला व्हॉल्व्ह खळखळतो, त्यातून बुडबुडे सुटतात आणि फुकट गेलेली सगळी ऊर्जा पाण्यात उष्णता होऊन उतरते. कमी उंची, जास्त प्रवाह अशा जातीचा पंप घ्यावा, शक्यतो पंख्यासारख्या पात्यांचा, आणि वेग व्हीएफडीने, म्हणजे मोटरची वीज-वारंवारता बदलून, कमी-जास्त करावा. पंप वेगळ्या पायावर ठेवून लवचीक रबरी नळीने जोडावा, कारण पंपाची थरथर चौकटीतून दांड्यापर्यंत पोचते.

उष्णता किरकोळ समजू नका. अशा टनेलमध्ये साधारण २५० लिटर पाणी मावतं. पंपातून १५० वॅट पाण्यात उतरत असतील तर तासाला अर्धा अंश तापमान वाढतं. चार तासांत दोन अंश, आणि पाण्याचा चिकटपणा दर अंशाला सव्वादोन टक्क्यांनी घटतो. सकाळी १००० असलेला अंक दुपारी वेग तोच असतानाही १०४५ झालेला असतो. तापमापी टाकीत कायमचा ठेवावा आणि प्रत्येक नोंदीसोबत तापमान लिहावं.

टेस्ट सेक्शनमधून बाहेर पडलेलं पाणी परतीच्या टाकीत जमतं आणि तिथून पंपाकडे जातं. तिथल्या नळीच्या तोंडावर पाणी फिरत खाली खेचलं जातं आणि मध्ये हवेची शेपटी तयार होते. ती पंपात गेली की हवेचा चुरा होऊन सगळं पाणी दुधाळ दिसतं आणि अर्धा तास काम थांबतं. तोंड पाण्याखाली निदान ३५ सेंटिमीटर ठेवावं आणि त्यावर फुलीच्या आकाराच्या दोन उभ्या पट्ट्या बसवाव्यात.

दोनाचा सापळा

आपल्या दांड्यामागे सेकंदाला दोन जोड्या सुटतात हे आधी ठरलं. आता २० सेंटिमीटर रुंद, २० सेंटिमीटर खोल पाण्याची आडवी हिंदकळण्याची नैसर्गिक लय काढा. एका भिंतीशी पाणी वर, दुसरीशी खाली, आणि मग उलट. ती सेकंदाला १.९७ वेळा येते! घमेल्यातलं पाणी नेमक्या तालात हलवलं की कसं उसळतं तसंच इथे होऊ शकतं. भोवरे पाण्याला आडवे धक्के देतात, पाणी त्याच तालात हिंदकळतं आणि हिंदकळणारं पाणी उलट भोवऱ्यांची लय आपल्या तालावर ओढून घेतं. मोजणाऱ्याला वाटतं दांड्याचा गुण सापडला, प्रत्यक्षात त्याने हौदाची रुंदी मोजलेली असते.

ओळखायचं कसं? वेग पाच-पाच टक्क्यांनी वाढवत न्यावा. वारंवारता वेगाच्या प्रमाणात वाढली पाहिजे. दोनाजवळ ती अडून बसली तर हिंदकळणं शिरलं आहे. उपाय सोपा आहे: पाण्याच्या पृष्ठभागाला टेकेल असं ॲक्रिलिकचं झाकण टाकावं, दांड्यापुरती खाच ठेवून. नाहीतर दांडा ८ मिलिमीटरचा घ्यावा. मग त्याच वेगाला वारंवारता अडीच होते.

रंग सोडण्याची सुई कुठे ठेवायची?

दांड्याच्या जरा आधी, असं सहज सुचतं. पण १ मिलिमीटरची सुई १०० मिलिमीटर प्रतिसेकंद प्रवाहात म्हणजे अंक १००. तिची स्वतःची माळ सुटणार आणि रंगाची धार दांड्यापर्यंत पोचण्याआधीच वेलांटीसारखी वळलेली असणार. तीच सुई शेवटच्या जाळीनंतर मोठ्या टाकीत ठेवली तर अंक २५. ४७ च्या खाली. धार काच ओढल्यासारखी सरळ येते आणि निमुळत्या भागातून जाताना आणखी बारीक होते.

रंग म्हणून खाण्याचा रंग चालतो, पण नुसता रंग पाण्यापेक्षा जड असतो आणि धार खाली झुकते. टनेलच्याच पाण्यात तो पातळ करावा आणि थेंबभर अल्कोहोल घालत घालत धार आडवी राहीपर्यंत जुळवावा. सुईतून रंग सुटण्याचा वेग भोवतालच्या पाण्याएवढाच हवा. जास्त असेल तर कारंजं होतं, कमी असेल तर रंग सुईच्या टोकाशी साचून गोळ्या सुटतात. फिरून येणारं पाणी तासाभरात रंगीत होतं. सोडियम हायपोक्लोराइटचं थोडं द्रावण टाकलं की खाण्याच्या रंगाचं पाणी पुन्हा निवळतं. त्यात आम्ल कधीही मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वेग आकड्यांत हवा असेल तर रंगाऐवजी १० मायक्रॉनच्या आसपासचे पोकळ काचेचे कण पाण्यात सोडतात, प्रकाशाच्या पातळ पडद्याने एकच पातळी उजळवतात आणि लागोपाठच्या दोन चित्रांत कण किती सरकले ते संगणकाकडून मोजून घेतात. हीच पीआयव्ही पद्धत. एवढे बारीक कण पाण्यापेक्षा दहा टक्के जड असले तरी सेकंदाला हजारांश मिलिमीटरांतच बुडतात, म्हणून ते प्रवाहाचीच चाल दाखवतात. या वेगाला लेझर लागेलच असं नाही, अरुंद फटीतून सोडलेला एलईडीचा प्रकाशही पुरतो. लेझर वापरलाच तर त्याच्या रंगाला योग्य चष्मा घातल्याशिवाय खोलीत कोणीही थांबू नये.

रंगाच्या चित्राबद्दल एक इशारा. रंग हा प्रवाहाचा इतिहास सांगतो, वर्तमान नाही. दांड्याजवळ गुंडाळलेला रंग पुढे मीटरभर तसाच गुंडाळलेला दिसतो, मग आतला भोवरा विझून गेलेला का असेना. दूरच्या ठिकाणी काय चाललं आहे ते पाहायचं तर रंग तिथेच सोडावा.

काही रास्त शंका

संगणकावर हे सगळं काढता येत नाही का? १००० अंकाच्या गोल दांड्याचं येतं, आणि चांगलं येतं. पण अंक वाढत जातो तशी लहानात लहान भोवऱ्यापर्यंत गणित करण्याची किंमत झपाट्याने चढते. मग खळबळीसाठी अंदाजी सूत्रं वापरावी लागतात, आणि सूत्रं वस्तूच्या मागच्या सुटलेल्या प्रवाहातच सर्वांत जास्त चुकतात. ती तपासायला मोजलेलं पाणीच लागतं.

पाणी स्थिर ठेवून दांडाच ओढला तर? तत्त्वतः काहीच फरक नाही, आणि पोळं, जाळ्या, पंप सगळं वाचतं. पण हौद संपला की प्रयोग संपला, आणि प्रत्येक फेरीनंतर पाणी शांत व्हायला बराच वेळ थांबावं लागतं. दोन मीटरच्या हौदात १० सेंटिमीटर वेगाने फक्त २० सेकंद मिळतात, म्हणजे ४० फेऱ्या. सरासरी काढायला शेकडो लागतात.

१००० च्या अंकावरून खऱ्या चिमणीबद्दल काय कळणार, तिचा अंक तर दहा लाखांच्या पुढे? ही शंका खरोखर वजनदार आहे. गोल वस्तूंसाठी अंक तीन लाखांच्या सुमारास गेला की लगतचा थरच खळबळीचा होतो, प्रवाह जास्त मागे जाऊन सुटतो आणि मागे ओढणारा जोर एकदम घसरतो. टनेलमधला आकडा चिमणीला चिकटवणं म्हणूनच चूक. धारदार कोपऱ्यांच्या वस्तूंचं तसं नाही. चौकोनी खांबावर प्रवाह कोपऱ्यावरच सुटतो, अंक कितीही असो, त्यामुळे लहान प्रतिकृतीचं चित्र पुष्कळ अंशी मोठ्यालाही लागू पडतं. गोल वस्तूबाबत टनेल यंत्रणा समजावतो: कोणता भोवरा कशाने तुटतो, पट्टी लावली तर काय बदलतं. अंतिम आकडे मोठ्या वाऱ्याच्या टनेलमधूनच घ्यावे लागतात.

पहिल्या दिवशी दांडा ठेवूच नका

रिकाम्या टेस्ट सेक्शनमध्ये एकच रंगाची धार सोडा. ती ८० सेंटिमीटर अंतर सरळ गेली पाहिजे. धार सावकाश डावी-उजवी भटकत असेल तर नळीच्या भोकांकडे आणि पोळ्याकडे बघा. ती पीळ घेत असेल तर कुठेतरी स्ट्रॉ सरकला आहे. ठरावीक तालात थरथरत असेल तर पंपाचे फेरे मोजून ताल जुळतो का पाहा. एकाच जागी बारीक दोरीसारखी वळवळ असेल तर जाळीवर बुडबुडा आहे. मग सुई वर-खाली, डावी-उजवी सरकवत मधल्या भागात निदान नऊ ठिकाणी वेग मोजा. एक टक्क्याच्या आत सगळे जुळले तर टनेल कामाला तयार.

त्यानंतर १० मिलिमीटरचा पितळी किंवा स्टीलचा गुळगुळीत दांडा, दोन्ही टोकांना पक्का आवळलेला. प्लॅस्टिकचा नको, तो स्वतःच थरथरतो. अंक १००० ला स्ट्रूहल अंक ०.२१ च्या आसपास यायला हवा. २ मिलिमीटरचा दांडा आणि ५ सेंटिमीटर प्रतिसेकंद, म्हणजे अंक १००, इथे ०.१६ ते ०.१७. बारीक दांड्याला वारंवारता अपेक्षेपेक्षा कमी आली आणि भोवरे दांड्याला समांतर न सुटता तिरके सुटताना दिसले, तर टोकांचा परिणाम आहे. तिथे दांड्याच्या जाडीच्या आठ-दहा पट रुंद पातळ तबकड्या बसवाव्या लागतात.

आणि ०.२१ ऐवजी ०.२२ आला तर दांड्यावर किंवा कॅमेऱ्यावर संशय घेण्याआधी वेग कुठून घेतला ते बघा. पंपाचा प्रवाह भागिले खणाचं क्षेत्रफळ असा काढला असेल आणि भिंती फाकवलेल्या नसतील, तर दांड्याच्या जागी, ३० सेंटिमीटर आत, भिंतीलगतच्या थरांनी वाट साडेचार टक्के आधीच खाल्लेली असते. मधलं पाणी १० नव्हे तर साडेदहा सेंटिमीटर प्रतिसेकंद वेगाने वाहत असतं. वेग दांड्याच्या थोडा आधी, प्रवाहाच्या मध्यावर, रंगाचा ठिपका सोडून मोजा आणि भागाकार पुन्हा करा.